दोन वस्तू, एक जागा : यंत्ररेखनाच्या इतिहासातील एक धागा



या स्मृतिव्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा विषयाची निवड माझ्यावर सोपवण्यात आली होती. मी जन्मभर मराठी भाषा आणि साहित्य शिकवले. त्यामुळे संतवाङ्मय किंवा मराठी गद्याची वाटचाल अशा एखाद्या विषयाची आपण अपेक्षा केली असल्यास ते स्वाभाविकच आहे. तथापि ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे ते गुरुजी या शाळेत चित्रकला आणि भूमितीरेखन शिकवीत असत. त्यांच्या हाताखालून गेलेले कितीतरी विद्यार्थी पुढे बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छे येथे, किंवा निपाणीहून ये-जा करून कागलच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या सहवासात रमले. त्यांच्या कामातीलच एक गोष्ट आज मांडावी असे मला वाटले. यंत्राचे भाग कागदावर किंवा संगणकाच्या पडद्यावर जुळवताना एक भाग दुसऱ्यात शिरत तर नाही ना, हे पाहण्याची रीत कशी घडत गेली, हा माझा विषय आहे. कारखान्यात या दोषाला ‘इंटरफिअरन्स’ म्हणतात. आजच्यापुरता मी त्यासाठी ‘शिरकाव’ हा आपला साधा शब्द योजतो.

दोन घन वस्तू एकाच वेळी एकाच जागी राहू शकत नाहीत, हे लहान मुलालाही ठाऊक असते. मात्र चित्राला ते ठाऊक नसते. कागदावर एका दांड्यातून दुसरा दांडा आरपार काढला तरी कागद तक्रार करीत नाही. लोखंड मात्र तत्काळ हरकत घेते. कागदाने खपवून घेतलेली चूक लोखंडापर्यंत पोहोचण्याआधी कशी पकडावी, या एका प्रश्नाभोवती यंत्ररेखनाचा बराचसा इतिहास गुंफलेला आहे.

या इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच जिल्ह्यात घडले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असे आढळून आले, आणि रंगाचा मार्ग सोडून ते यंत्ररेखनाकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी हाच विषय शिकवला. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ आपण बेळगावातील सायकलच्या दुकानापासून मोजतो आणि ते योग्यच आहे. पण त्या दुकानाचे मालक व्यवसायाने यंत्ररेखनाचे शिक्षक होते, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमाराचा लोखंडी नांगर ही त्यांची उत्पादने बेळगावातच आकारास आली. नवे उपनगर वसवायचे म्हणून नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितल्यावर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा आणि कर्ज दिले, व १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावाने त्या वेळी काय गमावले याची चर्चा अनेकदा होते. रेखनाच्या आधारे यंत्र घडवण्याची जी दृष्टी येथे प्रथम रुजली, तिचाही उल्लेख त्या चर्चेत व्हायला हवा.

नांगराचे उदाहरण येथे उपयोगी पडते. नांगराचा फाळ झिजतो आणि बदलावा लागतो. नवा फाळ जुन्या नांगराला शेतातच बसला पाहिजे. तेथे कानस घेऊन कोणी फिटर उभा नसतो. गावच्या लोहाराचा फाळ एका विशिष्ट नांगरासाठी घडवलेला असे आणि बसेपर्यंत ठोकला जाई. कारखान्याचा फाळ मात्र कोणत्याही नांगराला बसायचा असतो. ही जुळणी हातावर सोपवता येत नाही. ती आधी कागदावर सिद्ध व्हावी लागते.

या दृष्टीचे मूळ युरोपात आहे. गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत वर्णनात्मक भूमितीची पद्धत बसवली. घन वस्तूचे समोरचे आणि वरचे दृश्य एकमेकांशी नेमके जोडून त्यावरून वस्तूचा कोणताही बिंदू निश्चित करणे, हे तिचे सार. तटबंदीच्या रचनेसाठी ती इतकी उपयुक्त ठरली की बराच काळ लष्करी गुपित म्हणून राखली गेली. १७९५ मध्ये मोंजने ती जाहीर वर्गात शिकवली आणि १७९९ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. या भूमितीत एक प्रकरण असे आहे की, एक घनाकृती दुसरीत शिरली तर त्यांच्या भेटीची रेषा कोणती पडेल, ते काढायचे. नळाला नळ काटकोनात जोडताना पडणारी ती वक्र रेषा आपल्यापैकी अनेकांनी परीक्षेत काढली असेल. आपण ज्याला शिरकाव म्हणतो त्याचे ते शास्त्रशुद्ध गणित होय.

त्याच काळात ओनोरे ब्लाँ हा कारागीर बंदुकीच्या चापाचे भाग असे घडवीत होता की, कोणताही भाग कोणत्याही चापात बसावा. अमेरिकेचे फ्रान्समधील वकील टॉमस जेफर्सन यांनी १७८५ मध्ये त्याच्या कार्यशाळेला भेट दिली आणि हाताला येतील ते भाग उचलून स्वतः चाप जोडून पाहिले. कानस न लावता वस्तू जुळते, हे त्या काळी चमत्कारासारखे होते.

तरीही पुढची दीडशे-दोनशे वर्षे चूक पकडण्याची खरी जागा रेखनाचा फळा नव्हती, जुळणीचे टेबल होते. एका पृष्ठावर निळा रंग लावायचा, दुसरे पृष्ठ त्यावर टेकवायचे, निळा डाग जेथे उमटेल तेथे घासायचे, पुन्हा टेकवायचे, पुन्हा घासायचे, ही फिटरची तपश्चर्या. आराखड्यातील चूक त्याच्या मनगटाने निस्तरली जाई आणि तिची नोंद बहुधा कोठेच होत नसे. आराखडा काढणाऱ्याची चूक आराखड्यात तशीच राही, आणि पुढच्या यंत्राच्या वेळी दुसऱ्या फिटरला तेच घासकाम करावे लागे. या अलिखित दुरुस्त्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही. तो त्या माणसांबरोबर निवृत्त झाला.

संगणक या कथेत आला तो प्रथम रेषा काढणारा साहाय्यक म्हणून. १९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली आपल्या पीएच. डी. साठी सिद्ध केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढता येऊ लागली. परंतु नुसत्या रेषांच्या सांगाड्याला आत आणि बाहेर यांतला भेद कळत नाही, आणि ज्याला आत-बाहेर कळत नाही त्याला शिरकावही कळणे शक्य नाही. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिज आणि अमेरिकेत रॉचेस्टर येथील विद्यापीठांत घनाकृतीचे संपूर्ण वर्णन संगणकात साठवण्याच्या पद्धती विकसित झाल्या. अवकाशातील एखादा बिंदू वस्तूच्या आत आहे, बाहेर आहे की पृष्ठावर आहे, याचे निश्चित उत्तर मिळू लागले. जो बिंदू एकाच वेळी दोन वस्तूंच्या आत आहे तेथे शिरकाव आहे, अशी व्याख्या मग करता आली.

व्याख्या सोपी असली तरी काम मोठे होते. यंत्रात २०० भाग असतील तर त्यांच्या १९,९०० जोड्या होतात. १,००० भाग असतील तर ४,९९,५००. प्रत्येक जोडीचे बारीक गणित करीत बसणे परवडत नाही. म्हणून संगणक आधी प्रत्येक भागाभोवती एक काल्पनिक चौकोनी खोके कल्पितो. ज्यांची खोकीच एकमेकांना शिवत नाहीत त्या जोड्या तत्काळ बाद होतात, आणि उरलेल्या थोड्या जोड्यांचे नेमके गणित केले जाते. वधूवरसूचक मंडळ आधी गाव, वय आणि शिक्षण पाहून यादी छाटते आणि मगच पत्रिका उघडते, त्यातलाच हा व्यवहार आहे.

या पद्धतीची जगासमोर झालेली मोठी कसोटी म्हणजे बोइंग ७७७ हे विमान. पूर्वी नव्या विमानाचे भाग जुळतात की नाही हे पाहण्यासाठी लाकूड आणि धातू यांची पूर्णाकृती प्रतिकृती उभारावी लागे. ७७७ ची जुळणी ‘काटिया’ या फ्रेंच आज्ञावलीच्या साह्याने संगणकात झाली, आणि नाकाकडील भागाचा अपवाद सोडता तशा प्रतिकृतीवर विसंबावे लागले नाही. १२ जून १९९४ रोजी ते विमान प्रथम उडाले. १९९५ मध्ये ‘सॉलिडवर्क्स’ ही साध्या विंडोज संगणकावर चालणारी आज्ञावली बाजारात आली, आणि त्यानंतर हे साधन मोठ्या विमान कंपन्यांच्या दालनांतून लहान कारखान्यांच्या पोटमाळ्यावर उतरत गेले. १९९८ मध्ये बेळगावात स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनाही संगणकावर रेखन शिकावे लागते. आता एक कळ दाबली की शिरकावाच्या जागा पडद्यावर लाल होऊन समोर येतात.

येथवरची कथा प्रगतीची आहे आणि ती खरी आहे. पडद्यावर सापडलेली चूक क्षणात दुरुस्त होते. तीच लाकडी पॅटर्न तयार झाल्यावर सापडली तर दिवस जातात, आणि बिडाचे ओतीव पडल्यावर सापडली तर सगळा ढीग भट्टीत परत जातो. लहान कारखानदाराच्या दृष्टीने हा जगण्या-बुडण्याचा प्रश्न असतो. पण म्हणूनच त्या लाल रंगाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

येथे भाषेच्या माणसाला थोडे बोलता येईल. आपल्या न्यायशास्त्राने व्याख्येचे तीन दोष सांगितले आहेत: अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव. ‘शिंगे असलेला प्राणी म्हणजे गाय’ असे म्हटले तर म्हैसही गाय ठरते; ही अतिव्याप्ती. ‘कपिल वर्णाची ती गाय’ म्हटले तर पांढरी गाय वगळली जाते, ही अव्याप्ती. तिसऱ्या दोषाशी आज आपल्याला कर्तव्य नाही. ‘दोन भाग एकच जागा व्यापतात तेथे चूक आहे’ ही संगणकाची व्याख्या पहिल्या दोन्ही दोषांनी युक्त आहे.

अतिव्याप्ती आधी पाहू. १० मिलिमीटरचा नेहमीचा बोल्ट बसवण्यासाठी ८.५ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात आटे काढतात. आराखड्यात आट्यांची प्रत्येक वळी काढणे खर्चाचे, म्हणून बोल्ट १० मिलिमीटरचा साधा दांडा आणि भोक ८.५ मिलिमीटरचे, असेच बहुधा दाखवतात. संगणक प्रत्येक बोल्टभोवती पाऊण मिलिमीटर जाडीचे लाल कडे दाखवतो. शंभर बोल्ट असतील तर शंभर तक्रारी. त्या सगळ्या खोट्या असतात, आणि खोट्या तक्रारींच्या गर्दीत खरी तक्रार नजरेतून सुटते. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण याच शाळेत शिकलो.

अव्याप्ती याहून घातक. ५० मिलिमीटरच्या दांड्यावर बेअरिंग घट्ट बसवताना दांडा मुद्दाम किंचित जाड ठेवतात: एका प्रचलित मापश्रेणीनुसार ५०.००२ ते ५०.०१८ मिलिमीटर. येथे शिरकाव हाच हेतू असतो. तो नसेल तर बेअरिंग दांड्यावर घसरेल. पण आराखड्यात दोन्ही मापे ५० च असतात आणि संगणक म्हणतो, केवळ स्पर्श आहे. उलट उदाहरण असे. ५०.२ मिलिमीटरच्या खाचेत १० मिलिमीटरच्या पाच पट्ट्या बसवायच्या आहेत. पडद्यावर ०.२ मिलिमीटरची मोकळी जागा दिसते. प्रत्येक पट्टीला ०.१ मिलिमीटरची सूट दिली असेल आणि पाचही पट्ट्या जाडीच्या वरच्या टोकाच्या निघाल्या तर त्यांची बेरीज ५०.५ होते. जेथे टक्कर दिसली नाही तेथे ती घडते. पडद्यावर असतो तो आदर्श भाग. कारखान्यातून येतो तो प्रत्यक्षातला.

याशिवाय ज्या जागेत कोणताच भाग नाही तिचीही कधी गरज असते. बोल्ट नीट बसतो, पण पाना फिरवायला जागाच नाही. झाकण बंद असताना सर्व ठीक असते, पण उघडताना नळीला आदळते. उद्यमबागेत काम करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले की, नव्या मुलांना तो एकच प्रश्न विचारतो: “तुझा हात कुठून जाणार?” या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर आपोआप लाल होत नाही. हाताची आणि पान्याची आकृती कोणीतरी मुद्दाम तेथे ठेवावी लागते.

आता बेळगावच्या खास व्यवसायाकडे येतो. हे शहर ओतकामासाठी जसे प्रसिद्ध आहे तसेच तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणांसाठीही. ‘पॉलिहायड्रॉन’चे नाव आपल्याला परिचित आहे. या यंत्रणांत धातूचा एक ठोकळा असतो. त्यात निरनिराळ्या बाजूंनी भोके पाडून तेलाचे मार्ग तयार करतात आणि बाहेरून झडपा बसवतात. काही भोके ठोकळ्याच्या पोटात एकमेकांना मिळालीच पाहिजेत, काही कदापि मिळता कामा नयेत, आणि जी जवळून जातात त्यांच्यामध्ये दाब सोसेल एवढी धातूची भिंत उरली पाहिजे. दोन चुकीचे मार्ग एकमेकांत शिरले तर ठोकळा वाया. पण भागांची जुळणी तपासणारा संगणक येथे गप्प राहतो, कारण ठोकळा हा एकच भाग आहे आणि भोक हा तर भागच नव्हे, तो भागाचा अभाव आहे.

यावरचा उपाय मला विलक्षण वाटला. प्रत्येक पोकळीला घन मानायचे, जणू तिच्यातले तेल गोठून त्याची कांडी झाली आहे, आणि मग त्या कांड्या एकमेकींत शिरतात का ते पाहायचे. हा उपाय आपल्या ओतारींना संगणकाच्या कितीतरी आधी अवगत होता. ओतकामात पोकळी हवी असते तेथे वाळूचा ‘कोअर’ बसवतात. म्हणजे पोकळी आधी घन वस्तू म्हणून हातात घेतात, साच्यात ठेवतात, ती दुसऱ्या कोअरला भिडत नाही ना आणि भोवती धातूसाठी सारखी जागा उरते ना, हे पाहतात. अभावाला वस्तूसारखे हाताळण्याची ही कल्पना पॅटर्नमेकरच्या सुतारी टेबलावर रोजच्या व्यवहारातली होती. आराखडा काढणाऱ्या तरुणाने त्या टेबलापाशी चार महिने काढले तर त्याला पुष्कळ काही आपोआप कळेल.

तपासणीची मर्यादा मोठ्यांनाही भोवली आहे. एअरबसच्या ए-३८० या प्रचंड विमानात ५०० किलोमीटरांहून अधिक लांबीच्या विद्युततारा आहेत. जर्मनीतील आणि फ्रान्समधील अभियंते एकाच आज्ञावलीच्या दोन वेगळ्या आवृत्त्यांवर काम करीत होते. जर्मनीत तयार झालेल्या तारांच्या जुड्या प्रत्यक्ष विमानात घालताना अपुऱ्या पडल्या, आणि २००६ मध्ये कंपनीला मोठा विलंब जाहीर करावा लागला. प्रत्येक गटाचे चित्र त्याच्यापुरते सुसंगत होते. दोन्ही चित्रे एकमेकांशी बोलत नव्हती. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्याला हे अधिक फोडून सांगायला नको.

निपाणीहून बेळगावकडे येताना संकेश्वर मागे पडल्यावर महामार्गालगत हत्तरगी लागते. तेथे २००९ पासून ‘एकस’ कंपनीचे विमान-उद्योगाचे विशेष आर्थिक क्षेत्र उभे आहे आणि एअरबससाठीही तेथे सुटे भाग तयार होतात. तंबाखू आणि उसाच्या या पट्ट्यात घडलेला भाग दूरदेशी विमानात बसतो. तो घडवणाऱ्या मुलाला संपूर्ण विमानाचा आराखडा सहसा पाहावा लागत नाही. त्याच्यापुढे त्याच्या भागाची मापे आणि सूट असते. जुळणी कोठेतरी दूर तपासली गेली आहे, या विश्वासावर तो काम करतो. आणि येथील माणूस मापाची मर्यादा सांभाळील, या विश्वासावर दूरची तपासणी उभी असते. जेफर्सनच्या हातातील चापापासून किर्लोस्करांच्या फाळापर्यंत आणि तेथून हत्तरगीपर्यंत हाच विश्वास जोडलेला आहे.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. चूक पकडण्याची जागा गेल्या शतकाभरात फिटरच्या टेबलावरून पडद्यावर सरकली, आणि ते फार चांगले झाले. परंतु शिरकाव आहे की नाही हे सांगणे वेगळे आणि तो दोष आहे की हेतू हे ठरवणे वेगळे. पहिले काम संगणक माणसाहून उत्तम करतो. दुसऱ्यासाठी तो भाग काय करतो, कसा बसतो, कसा झिजतो आणि कोणत्या हाताने उघडला जाईल, हे ठाऊक असावे लागते. हे ज्ञान आज ज्यांच्यापाशी आहे त्यांपैकी अनेक जण साठीच्या पुढे गेले आहेत.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे कारखाने चालवतात त्यांना माझी एक विनंती आहे. आराखडा अंतिम करताना पडद्यासमोर जुळणी करणाऱ्या माणसालाही बसवा, आणि तो जे सांगेल ते त्याच्या शब्दांत लिहून ठेवा. ते शब्द मराठी असोत, कानडी असोत वा दोहोंचे मिश्रण असो. संस्थेला विनंती आहे ती रेखनाच्या तासाविषयी. पेन्सिलीने घनाकृती काढताना मूल तिची दिसत नसलेली बाजू मनात फिरवून पाहते. हे मनात फिरवणे ज्याला जमते, तोच पुढे संगणकाच्या उत्तराला ‘हे खरे आहे का?’ असे विचारू शकतो. गुरुजींनी या शाळेत तुटलेल्या रेषेने वस्तूची झाकलेली कड दाखवायला शिकवले. तो तास वेळापत्रकात टिकवणे, हेच त्यांचे उचित स्मारक ठरेल.